आबांना सांगायचे कोणी?

शिरूर, १२ जानेवारी १९९८

प्रिय सत्यजीत,

एक कोडे तुमच्याही पाहण्यात आले असेल. मोठ्या माणसांच्या वर्गात एखादी गोष्ट नीट समजावून सांगावी आणि शेवटी विचारावे, "समजलं का?" लगेच साऱ्या माना हलतात. कोणी "व्हय" म्हणतो, कोणी "एकदम क्लिअर" म्हणतो. ज्याला सर्वांत कमी समजलेले असते त्याची मान सर्वांच्या आधी हलते. हीच माणसे स्वतःच्या विहिरीवरची मोटार दुरुस्त होत असली की मिस्त्रीच्या डोक्यावर उभी राहून त्याला भंडावून सोडतात. ही तार इथेच का, काल तर अशी नव्हती, हा वास कसला. मग वर्गाचा उंबरा ओलांडताना ती आपले सगळे प्रश्न चपलांबरोबर बाहेर का काढून ठेवतात?

लहान मुलाचे बरे असते. त्याला समजले नाही तर तो निदान खिडकीबाहेर पाहतो. प्रौढ विद्यार्थी आपल्याकडेच पाहत राहतो, तेही आदराने. त्यामुळे शिकवणारा फसतो.

दोन वर्षांनी मी तुम्हाला पत्र लिहितो आहे ते या कोड्याची चर्चा करण्यासाठी, असे मी सविताला सांगितले. ती म्हणाली, "माझ्या भावाला कोडी घालू नका. काम आहे ते लिहा." काम आहेच, परंतु त्याकडे क्रमाने यावे.

कुलपाचा विषय मी काढणार नव्हतो. तथापि तो काढल्याशिवाय पुढचे लिहिता येत नाही. आपण दोघे मिळून हा वर्ग चालवीत होतो तेव्हा त्याला शिस्त लावण्यासाठी नऊच्या ठोक्याला दाराला आतून कुलूप लावायचे, ही तुमची पद्धत. आणि उशिरा येणारा का उशिरा येतो हे आधी जाणून घ्यायचे, ही माझी. त्या दिवशी सारा वर्ग बाहेर राहिला आणि आत तुम्ही एकटे. मी बाहेर लिंबाखाली तास सुरू केला याचा तुम्हाला राग आला, हे मला सविताकडून कळले. मी तुम्हाला खिडकीतून दोनदा हाक मारली होती, सत्यजीत. तुम्ही रिकाम्या बाकांना मोटारीच्या तारांची स्टार-डेल्टा जोडणी शिकवीत होता आणि शिकवणे चांगले चालले होते, म्हणून मी तिसरी हाक मारली नाही. त्यानंतर तुम्ही दौंडला स्वतःचे रिवायंडिंगचे दुकान काढले आणि आमच्याकडे येणे बंद केले. दुकान उत्तम चालते असे ऐकतो. मला आनंद आहे.

आता काम. आमच्या मोटार रिवायंडिंगच्या वर्गात यंदा धुरपदा नावाची बाई आहे. कवठे येमाईची. घरी पूर्वी मेंढरे होती, आता शेती. तिचा नवरा बिरदेव कुरकुंभला कारखान्यात लागला आहे आणि दौंडात एक खोली घेऊन राहतो. ही मात्र सासरी कवठ्यात. तिचे सासरे गेणबा आबा म्हणतात, "खोलीत नुसतं बसाया सून धाडायची न्हाई. तिथं कामधंदा असंल तर मग बघू." म्हणजे दौंडात तिला काम मिळाले तर नवरा-बायको एका छपराखाली येतील, नाहीतर बिरदेव असाच रविवारच्या एसटीने येणार आणि सोमवारच्या पहिल्या एसटीने जाणार. तिचा हात असा आहे की जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी भरताना तिची कॉइल खाचेत वेणी घातल्यासारखी बसते. तुमच्या दुकानात तिला घ्यावे, ही विनंती.

तुमचा दाजी,
भिमाजी

ता. क. स्वतः गेणबा आबांचे नावही आमच्या पटावर आहे. ते कसे आले, हे पुढे कधी लिहीन.


शिरूर, ३० जानेवारी १९९८

प्रिय सत्यजीत,

तुमचे पोस्टकार्ड पावले. मजकूर इतका आटोपशीर होता की पोस्टमनने तो फाटकातूनच मला तोंडपाठ म्हणून दाखवला. तरी मी तो पुन्हा वाचला. गेल्या महिन्यात तुमच्या हातून एका मोटारीची जोडणी चुकत होती, तुमचा मदतनीस शेजारी उभा राहून पाहत होता, मोटार जळाली, आणि तुम्ही विचारल्यावर तो म्हणाला, "दिसत हुतं मालक, पण तुम्हाला कसं सांगायचं?" यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे. "दाजी, मला मान हलवणारं माणूस नको. चूक माझी असली तरी तोंडावर सांगणारं पाहिजे. तसं असेल तर पाडव्यापर्यंत जागा ठेवतो." कार्डाच्या शेवटी ताईला नमस्कार आहे, दाजींना नाही. तेही मी पाहिले.

तुमची अट वाचली आणि मी बराच वेळ ओसरीवर येरझाऱ्या घातल्या. कारण धुरपदाची अडचण नेमकी तीच आहे. ती सविस्तर मांडतो.

सून एसटीने एकटी शिरूरला जाणार नाही, असे घरात ठरले. म्हणून गेणबा आबा तिच्याबरोबर येऊ लागले. प्रथम ते वर्गाबाहेर एका मोटारीच्या खोक्यावर बसत आणि खिडकीतून सूचना करीत. बाहेरून बोलणाऱ्याला आत घेतले की तो शांत होतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव. म्हणून मी त्यांचे नाव पटावर घातले. आबांच्या बाबतीत तो अनुभव खोटा ठरला. आबा उत्साही आहेत. हातात पक्कड आली की त्यांना थांबवणे कठीण. मेंढरे राखलेला माणूस कळपातील कोणते जनावर लंगडते आहे हे लांबूनही सांगतो, पण तीन फेजच्या तीन तारा त्यांना आजतागायत सारख्याच दिसतात.

आणि वर्गात आबांना त्यांची चूक कोणी सांगत नाही. हौशीराम हा मार्केट यार्डातला हमाल; पाठीवरच्या पोत्यांना कंटाळून बैठे काम शिकायला आला. तो आबांना मामा म्हणतो, म्हणून गप्प. मालनबाईंची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीची मोटार वारंवार जळते म्हणून त्या वर्गात आल्या. त्या जगातील कोणालाही काहीही सांगू शकतात, पण आबांपुढे पदर सावरतात. राहता राहिली धुरपदा. तिला आबांची चूक सर्वांच्या आधी दिसते. परंतु लग्नाला सात वर्षे झाली तरी सासऱ्यांना समोरासमोर उद्देशून तिने एक वाक्य उच्चारलेले नाही. जेवायला वाढले हे ती ताटाला सांगते, पाणी तापले हे बंबाला. आबाही त्याच चालीचे. घरातले घरात हे चालून जाते. वर्गात मात्र ती मोटारीशी बोलते.

परवा आबांनी एक कॉइल उलट्या दिशेने भरायला घेतली. धुरपदा तिच्या मोटारीवर वाकून म्हणाली, "मोटारबाई, कुणाकुणाची तार आज उलटी निघालीया गं." आबांनी ऐकले. त्यांनी मान डोलावली, "ऐकलं का हौशीराम, ध्यान दे जरा," असे म्हणाले, आणि उलटी कॉइल शेवटपर्यंत भरली.

मी फळ्यावर ठळक अक्षरांत नियम लिहिला आहे: चूक दिसली की ज्याची असेल त्याला, त्याच क्षणी, तोंडाने सांगावी, वय, नाते, मान यांचा विचार विजेला नसतो. मग मी तो उदाहरणांसह समजावला. मोटार कशी जळते, गिऱ्हाईक कसे तुटते, माणूस कसा दगावतो, सारे सांगितले. शेवटी सवयीने विचारले, "समजलं का?"

साऱ्या माना हलल्या. आबांची सर्वांच्या आधी.

तुमचा दाजी,
भिमाजी


शिरूर, १८ फेब्रुवारी १९९८

प्रिय सत्यजीत,

मी हताश झालो आहे असे सविताने तुम्हाला कळवले असल्यास ते खरे नाही. मी पद्धत बदलतो आहे. ज्या पद्धती झाल्या त्यांची माहिती देतो. तुम्हीही पुढेमागे कोणाला शिकवाल तेव्हा कामी येईल.

पहिली पद्धत निरोपाची. धुरपदाला आबांशी बोलता येत नाही, पण मालनबाईंशी येते. मालनबाईंना हौशीरामशी, हौशीरामला आबांशी. ही साखळी मी कागदावर आखली तेव्हा फार सुबक दिसली. प्रत्यक्षात धुरपदाने मालनबाईंना सांगितले की आबांनी खाचेत वीज अडवणारा कागद न घालताच तार भरायला घेतली आहे. मालनबाईंनी आधी गिरणीतली एक गोष्ट पुरी केली. मग हौशीरामकडे वळल्या. हौशीराम म्हणाला, "मामांना आत्ता कसं सांगू, रंगात आल्यात." रंग ओसरल्यावर त्याने सांगितले, तोवर आबा तार भरून, गाठ मारून, हात पुसून चहाला निघाले होते.

दुसरी पद्धत घंटेची. मी विचार केला, अडचण शब्दांची आहे. मग शब्दच नकोत. आबांच्याच घरून मेंढरांच्या गळ्यातल्या जुन्या घंटा मागवल्या आणि प्रत्येकाच्या बाकावर एक ठेवली. चूक दिसली की घंटा वाजवायची, बोलायचे नाही. पहिल्या दिवशी वर्ग शिवरात्रीच्या देवळासारखा दुमदुमला. हौशीराम मालनबाईंना वाजवी, मालनबाई हौशीरामला वाजवीत, दोघे मिळून मला वाजवीत, कारण मी फळ्यावर एक आकृती तिरकी काढली होती. दुपारी डबा उघडला तेव्हाही वाजली. आबांवर मात्र एकही घंटा झाली नाही. धुरपदाला मी एकीकडे विचारले. तिने मान खाली घालूनच उत्तर दिले, "सर, सासऱ्याम्होरं घंटा वाजवायची म्हंजी त्यास्नी मेंढरू केल्यावानी हुतंय." हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आबा मात्र खूश होते. घंटा ऐकून त्यांना वाड्यावरच्या मेंढरांची आठवण झाली आणि त्यांनी मधल्या सुट्टीत रानातल्या लांडग्यांच्या दोन हकिकती सांगितल्या. त्या उत्तम होत्या.

तिसरी पद्धत नाटकाची. आपल्या धंद्यात गिऱ्हाईकाशी कसे बोलावे हे पाठ्यक्रमात आहेच. आबांना मी गिऱ्हाईक केले आणि धुरपदाला मिस्त्री. माझा हिशेब असा की नाटकात सासरा सासरा राहत नाही. आबांनी भूमिका मनापासून केली. काखेत पंप धरल्यासारखा हात करून आले, चपला झटकल्या, आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमची मोटार चालना. आन् भाकरी बी हल्ली जाड हुत्यात, कालवणात मीठ कधी हाय कधी न्हाई." मी त्यांना थांबवून म्हणालो की आबा, हे मोटारीविषयी नाही. ते म्हणाले, "गिऱ्हाईक मोकळं बोलतंय तर बोलू द्या की गुरुजी." धुरपदाने भिंतीकडे तोंड करून उत्तर दिले, "भिताडा, गिऱ्हाईकास्नी सांग, मोटार उद्याच्याला हुईल." भाकरीविषयी ती काही बोलली नाही, परंतु पदराआड हसत होती हे मी पाहिले.

शेवटी मी सरळ मार्ग धरला. आबांना वर्ग सुटल्यावर थांबवून मी सारे स्पष्ट सांगितले: सून तुमच्याशी बोलत नाही तोवर तिला दौंडला काम मिळणार नाही, काम मिळाले नाही तर ती बिरदेवपाशी राहू शकणार नाही, आणि बोलायची परवानगी फक्त तुमच्याकडून येऊ शकते. आबांनी लक्षपूर्वक ऐकले. म्हणाले, "गुरुजी, मी तिला बोलू नगो असं कवाच म्हणलो न्हाई. बोलावं की. मला काय, मी ऐकीन." मी म्हणालो, मग तसे तुम्ही तिला सांगा. आबा विचारात पडले. म्हणाले, "तिला मी कसं सांगू? सुनंशी सासरा बोलतो व्हय कुठं?"

मग आबांची एसटीची वेळ झाली.

सविता हे पत्र वाचून म्हणते की भावाला मी पत्र लिहितो आहे की अहवाल, हे तिला कळत नाही. मी तिला अहवाल कसा वेगळा असतो ते समजावले. ती "हो, हो" म्हणाली.

तुमचा दाजी,
भिमाजी


शिरूर, १६ मार्च १९९८

प्रिय सत्यजीत,

आज वर्गाचे शेवटचे प्रात्यक्षिक झाले. जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहितो.

प्रात्यक्षिकासाठी मालनबाईंच्या गिरणीची जळालेली मोटार घेतली होती. सर्वांनी मिळून ती नव्याने भरली होती. वॉर्निश चढवून, वाळवून, जोडणी करून ती ओट्यावर बसवली. तारा जिथे जोडतात त्या डब्याचे झाकण उघडेच होते, कारण जोडणी सर्वांना दाखवायची होती. मेन स्विच चालू, स्टार्टर तयार. एक हिरवे बटण दाबले की मोटार फिरणार. मालनबाईंनी हळद-कुंकू, उदबत्ती आणि नारळ आणला होता. आठ दिवस बंद असलेली गिरणी पुन्हा सुरू व्हायची होती, त्यामुळे नारळाशिवाय चालणार नव्हते. नारळाचा आणि बटणाचा मान वयाने आबांचा, यावर साऱ्यांचे एकमत झाले.

मी त्या वेळी पाठमोरा होतो. फळ्यावर "मोटार सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची काळजी" हे शीर्षक लिहून त्याखालचा पाचवा मुद्दा लिहीत होतो. त्यामुळे पुढचे मी हौशीरामकडून ऐकले आणि काही स्वतः ऐकले.

आबांनी नारळ ओट्याच्या कडेला फोडला आणि रीतीप्रमाणे त्याचे पाणी मोटारीवर शिंपडले. मनापासून शिंपडले. निम्मे उघड्या डब्यात गेले. मग डावा हात मोटारीच्या पाठीवर ठेवला, जसा ते बैलाच्या पाठीवर ठेवत असतील, आणि उजव्या हाताचे बोट बटणाकडे नेले. सत्यजीत, तुम्ही या धंद्यातले आहात. ओला डबा, मोटारीच्या अंगावर ओला हात, आणि अर्थिंगची तार अजून जोडायची राहिलेली. तुम्हाला अधिक सांगायला नको.

मालनबाईंनी पाहिले. पण पूजा चालू असताना मध्ये कसे बोलावे म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले. हौशीरामनेही पाहिले. तो म्हणतो, त्याला वाटले सरांनी पाहिले असेल. सर पाचवा मुद्दा लिहीत होते.

धुरपदा प्रथम मोटारीला म्हणाली, "मोटारबाई, तू भिजलीस." मला ते ऐकू आले. मला वाटले, नेहमीचे चालले आहे. आबांनाही तसेच वाटले असावे. बोट पुढे गेले.

मग ती बोलली. मोठ्याने नाही, पण असे की माझ्या हातातला खडू थांबला.

"आबा, हात मागं घ्या."

मी वळलो. आबांचे बोट बटणाजवळ हवेत थांबले होते. धुरपदाच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि ती सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मी जाऊन मेन स्विच बंद केला. हे एक काम मी योग्य वेळी केले.

आबांनी विचारले, "मला म्हणलीस?"

"व्हय. तुम्हालाच. दोनी हात मागं घ्या. डब्यात पाणी गेलंय, बटण दाबलं असतं तर आमी आत्ता तुमच्या नावानं वरडत बसलो असतो."

आबांनी हात मागे घेतले, आधी उजवा, मग डावा, आणि ते कोपऱ्यातल्या खोक्यावर बसले. हौशीराम छताच्या पत्र्याकडे पाहत होता. मालनबाईंनी उगाचच उदबत्ती दुसऱ्या बाजूला लावली. धुरपदाने पदर डोक्यावर घेतला आणि तीही ओट्याला टेकून खाली बसली. माझ्या मनात आले की संपले. आता आबा उठतील, तिला घेऊन एसटी धरतील आणि उद्यापासून दोन नावे पटावरून जातील.

आबांनी ओला तळहात खोक्यावर पुसला. मग म्हणाले, "सात वर्सं झाली. भाकर करपली तर मी तव्याला बोलायचं. जेवाण झालं तर तू ताटाला सांगायचं. घरातली भांडी शानी झाली, आन् आपण दोगं व्हतो तिथंच ऱ्हायलो."

धुरपदा म्हणाली, "भाकरी जाड आवडत न्हाईत व्हय तुम्हास्नी?"

"न्हाई."

"मग सांगायचं की."

"कुणाला सांगू, तव्याला सांगितलं हुतं की."

मालनबाईंना प्रथम हसू फुटले. मग हौशीराम. मीही, हे कबूल करतो. आबा हसले नाहीत. ते गंभीरपणे नारळाचा तुकडा काढून धुरपदाला देत होते, हातातून हातात. तिने तो घेतला.

मोटार पुसली, दिव्याच्या उष्णतेने वाळवली, तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली, अर्थिंग जोडले. संध्याकाळी बटण धुरपदाने दाबले. मोटार फिरली. आवाज असा निर्मळ की मालनबाईंनी मोटारीची दृष्ट काढली.

तुमच्या अटीची पूर्तता झाली असे मी समजतो. तिने चूक त्याच क्षणी, ज्याची होती त्याला, तोंडावर सांगितली, आणि जगातील ज्या एका माणसाला सांगणे तिला सर्वांत कठीण होते त्यालाच सांगितली. तुम्ही तर तिच्यासाठी नुसते मालक असाल. तुम्हाला सांगणे तिला खेळ वाटेल.

तुमचा दाजी,
भिमाजी


शिरूर, २४ मार्च १९९८

प्रिय सत्यजीत,

पाडवा चार दिवसांवर आला आणि तुमचे उत्तर नाही, म्हणून मी तुमच्या दुकानी फोन लावला. फोन उचलणाऱ्याने "बाईला पाठवा, मालकांनी सांगितलंय" एवढे बोलून ठेवला. मागे कोणी "दाजी हायेत का, दाजींना सांग..." असे काही म्हणत होते, वाक्य पुरे ऐकू आले नाही. ते वाक्य काय होते, याची मला उत्सुकता आहे.

इकडे नवी अडचण उभी राहिली आणि ती मिटली, दोन्ही एकाच सकाळी. गेणबा आबा एकटेच आमच्या घरी आले. मला वाटले, दौंडला पाठवायला नाही म्हणतील. सून दिवसभर एकटी, खोली लहान, गाव रेल्वेचे. ते जोत्यावर टेकले, चहा घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, तिला दौंडला लवकर धाडा. आता ती थांबंनाच. मी चप्पल उलटी घातली तरी सांगती, बिडी उंबऱ्यात टाकली तरी सांगती, काल देवाम्होरं दिवा लावताना वात कशी घालायची ते सांगितलं. माजी म्हातारी बी आता तिचं बघून बोलाया लागली. बिरदेवला बी कळू दे जरा."

मी विचारले, तुम्हाला वाईट वाटते का? आबांनी बशी खाली ठेवली. "भाकरी पातळ हुत्यात," ते म्हणाले. "ती गेल्यावर कोण करणार, ते बी हायेच."

ती पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बिरदेवबरोबर येईल. तिच्याकडून कामाची पद्धत शिकून घेण्यास लाजू नका. वेळेवर येण्याविषयी सांगायचे तर ती तुमचे दुकान उघडण्याआधी दारात उभी राहील. कुलूप मात्र तुम्हालाच उघडावे लागेल.

आता तिची परीक्षा कशी घ्यावी, हे विचारले नसले तरी सांगतो. तिला "समजलं का" किंवा "येतं का" असे मुळीच विचारू नका. तिच्यासमोर स्वतः एक जोडणी करायला घ्या, मध्ये मुद्दाम एक चूक करा आणि न थांबता पुढे जा. ही चाचणी इतकी सोपी आहे की ती दुकानातच काय, घरातही करता येते. कोणालाही एखादी साधी कृती सांगावी, उदाहरणार्थ चहाची: पाणी, आले, पत्ती, आणि साखरेच्या ठिकाणी मीठ म्हणावे, तेही शांतपणे. शेवटी "समजलं का" विचारावे. "अहो, मीठ कशाला?" असे आले तर समोरचा माणूस तुमच्याबरोबर आहे. "हो, हो" आले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे, आणि चूक त्याची नाही, हे ध्यानात ठेवावे.

ही चाचणी तुम्ही माझ्यावर करून पाहावी, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी मात्र समोर यावे लागेल. पोस्टकार्डावर मान हललेली दिसत नाही. पाडव्याला श्रीखंड आहे.

सवितावर मी ती कालच करून पाहिली. ती भाजी निवडत होती. मी मीठ म्हणालो. तिने मान वर न करता "हो, हो" म्हटले. मला वाईट वाटले, परंतु निष्कर्ष स्पष्ट होता, आणि मी तो वहीत टिपून ठेवणार तोच ती चहा घेऊन आली. अगदी मी सांगितलेल्या कृतीप्रमाणे केलेला. समोर बसली आणि मी तो पूर्ण पिईपर्यंत उठली नाही.

चाचणीचे हे तिसरे उत्तर माझ्या विचारात आले नव्हते. तुम्ही घरी करून पाहाल, तेव्हा आलेला चहा आधी समोरच्याला पिऊ द्यावा.

तुमचा दाजी,
भिमाजी